शर्यत बदलण्याची सोय

माण तालुक्यातून कुणी मोठं झालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: दुष्काळानं माणसं काटक केली. स्पर्धा परीक्षेत कुणी चमकला, सैन्यात कुणी नाव काढलं किंवा कुस्तीत कुणी गदा आणली, तरी हेच वाक्य. मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली, तेव्हा तर ते वर्तमानपत्रांपासून सत्काराच्या व्यासपीठांपर्यंत सगळीकडे ऐकू आलं. लॉस एंजेलिसला 1984 मध्ये पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत उतरली होती. त्यानंतर तब्बल 32 वर्षांनी एक भारतीय खेळाडू प्राथमिक फेरी पार करून ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक अंतिम शर्यतीला उभी होती आणि ती आपल्या सातारा जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातली शेतकऱ्याची लेक होती. अभिमान वाटणारच. पण काटकपणाचं ते वाक्य कितीही प्रेमानं म्हटलं तरी चुकीचं आहे आणि त्यानं नुकसान होतं, असं माझं मत आहे. ललिताच्या कारकिर्दीचा क्रम नीट लावून पाहिला तर तिच्या प्रत्येक टप्प्याला दुष्काळापेक्षा वेगळंच काहीतरी कारणीभूत झालेलं दिसतं. ते काय होतं, हे ओळखलं नाही तर मोहीच्या किंवा म्हसवडच्या पुढच्या मुलीला ते देताही येणार नाही.

आधी काटकपणाचाच हिशेब करू. महादेवाच्या डोंगररांगांच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा सगळा माणदेशी पट्टा पसरलेला आहे. माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडी असते. या पट्ट्यातल्या पिढ्यान् पिढ्या पोरी डोक्यावर हंडा घेऊन चालल्या, शेळ्यामेंढ्यांमागे धावल्या, शाळेसाठी मैलोन् मैल पायपीट करत राहिल्या. दुष्काळानं धावपटू घडत असते तर आजवर या गावांमधून शे-दोनशे ऑलिम्पियन निघायला हवे होते. निघाली ती एखादीच. केनियातल्या इटेनचा दाखला इथं नेहमी दिला जातो, पण तोही नीट बसत नाही. इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या विरळ हवेचा रक्तावर होणारा परिणाम शास्त्रानं मोजलेला आहे. माणदेशाचं पठार त्या उंचीच्या जवळपासही जात नाही. दुष्काळ मुलीच्या शरीराला प्रत्यक्षात जे देतो ते काही चांगलं नसतं: अपुरं दूध, कमी रक्त, मध्येच सुटलेली शाळा, घरच्यांबरोबर करावं लागलेलं स्थलांतर आणि लवकर उरकलेलं लग्न. 2012–13 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली आणि माणसंही महिनोन् महिने जनावरांसोबत तिथं राहिली. त्या काळात किती पोरींचा खेळ कायमचा थांबला असेल, याची नोंद कुठेच नाही. ललिता दुष्काळामुळे धावली नाही, दुष्काळ असतानाही धावली. हा फरक नुसत्या शब्दांचा नाही. पहिली गोष्ट खरी मानली की शासनाला, संस्थेला, समाजाला करण्यासारखं काही उरतच नाही.

मग तिची कारकीर्द घडली कशी? ती खो-खो खेळून पुढे लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळली. सोळा वर्षांची असताना, 2005 मध्ये, पुण्याला वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सुवर्णपदक मिळवलं. त्यानंतरची कित्येक वर्षं ती मॅरेथॉन धावत होती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात लागोपाठ पहिली येऊन तिनं नाव कमावलं. आता जरा थांबून विचार करावा. जानेवारी 2014 मध्ये ही मुलगी साडेचोवीस वर्षांची आहे, देशातल्या सर्वांत गाजलेल्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांची विजेती आहे, बक्षिसाची रक्कम आणि प्रसिद्धी दोन्ही मिळते आहे. आशियाई किंवा जागतिक पदकाच्या दृष्टीनं पाहिलं तर मॅरेथॉनमध्ये तिच्यापुढे कितीतरी धावपटू होत्या. अशा वेळी तिनं ठरवलं की आपली शर्यत बदलायची. ती तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 9 मिनिटं 35.37 सेकंदांत कांस्यपदक मिळवून तिनं सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2015 च्या जानेवारीत ती मुंबईत 2 तास 38 मिनिटं 21 सेकंदांत मॅरेथॉन धावून भारतीय महिलांमध्ये पहिली येते, जूनमध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण घेते आणि ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत आठवी येते. एका वर्षात बेचाळीस किलोमीटर आणि तीन किलोमीटर अशा दोन टोकाच्या शर्यतींवर अशी हुकमत ठेवणारं दुसरं नाव भारतीय अ‍ॅथलेटिक्समध्ये शोधावंच लागेल. रिओच्या प्राथमिक फेरीत तिची वेळ 9 मिनिटं 19.76 सेकंद होती. इंचिऑनपासून दोन वर्षांच्या आत तिनं पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ कमी केला होता. अंतिम फेरीत ती दहावी आली.

हे पंधरा सेकंद नेमके कुठून आले हे समजायला ती शर्यत जवळून पाहायला हवी. स्टीपलचेसमध्ये ट्रॅकला साडेसात फेऱ्या असतात. प्रत्येक पूर्ण फेरीत पाच अडथळे येतात आणि त्यांतला एक पाण्याचा. म्हणजे एकंदर अठ्ठावीस कोरडे अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे. महिलांसाठी अडथळ्याची उंची अडीच फूट. शंभर मीटर हर्डल्सचे अडथळे पाय लागला की पडतात, हे पडत नाहीत. जाड लाकडी ओंडका असतो तो. पाय अडकला तर धावपटू पडते, ओंडका जागचा हलत नाही. पाण्याच्या अडथळ्यावर बहुतेक जणी एक पाऊल ओंडक्यावर टेकवतात, शरीर खाली झुकवून त्याच पायानं मागे रेटा देतात आणि पुढे झेप घेतात. पलीकडे बारा फूट लांबीचा उतरता खड्डा. ओंडक्याच्या पायथ्याशी पाणी खोल आणि पुढे जाऊन ते ट्रॅकच्या पातळीला मिळतं. जिची झेप लांब जाते तिचं एकच पाऊल उथळ पाण्यात पडतं आणि दुसरं कोरड्यावर. जिची आखूड पडते ती गुडघाभर पाण्यात उतरते आणि ओले बूट घेऊन पुन्हा वेग धरायला तिचे एक-दीड सेकंद जातात. हे सात वेळा. वर प्रत्येक किलोमीटर सरासरी तीन मिनिटं सात सेकंदांच्या आत पळायचा. मॅरेथॉनमधून आलेल्या मुलीकडे दम असतो, पण ओंडक्यापुढच्या शेवटच्या पाच-सहा पावलांचा अंदाज, दोहोंपैकी कोणत्याही पायानं झेप घेण्याची सवय आणि थकलेल्या पायांनी तीच उडी तशीच मारण्याचा सराव तिला नव्यानं शिकावा लागतो. हे ज्वारीच्या शेतात किंवा डांबरी रस्त्यावर शिकता येत नाही. त्यासाठी खड्डा लागतो, ओंडका लागतो, कृत्रिम ट्रॅक लागतो आणि शेजारी उभा राहून पावलं मोजणारा माणूस लागतो.

ललिताला हे सगळं मिळालं. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव हे प्रशिक्षक त्या वेळी भारताच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंसोबत काम करत होते. सुधा सिंग आणि ओ. पी. जैशा याही त्यांच्याच हाताखालच्या. पुढे बीडच्या अविनाश साबळेनंही त्यांच्याकडे धडे घेतले. 2021 मध्ये पतियाळात त्यांचं निधन झालं. महाराष्ट्राच्या दोन दुष्काळी पट्ट्यांमधल्या दोन स्टीपलचेसर्सच्या कारकिर्दीवर या परदेशी माणसाचा हात आहे, ही गोष्ट आपण कृतज्ञतेनं लक्षात ठेवावी. बंगळुरूच्या क्रीडा केंद्रातली राष्ट्रीय शिबिरं होती, तिथं राहण्याची, जेवणाची, उपचाराची सोय होती. आणि या सगळ्याखाली होती रेल्वेची नोकरी. खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली ती नोकरी नसती तर चोविसाव्या वर्षी जमलेली मॅरेथॉन बाजूला ठेवून नव्या शर्यतीचा धोका पत्करणं तिला शक्य झालं असतं, असं मला वाटत नाही. बक्षिसाच्या पैशावर घर चालत असलेली मुलगी जी शर्यत जिंकते तीच धावत राहते. महिन्याच्या पगारामुळे तिला शर्यत बदलण्याची सोय मिळाली आणि तिच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं वळण त्या सोयीतूनच आलं.

यात काळाचाही वाटा मोठा आहे. पुरुषांची तीन हजार मीटर स्टीपलचेस ऑलिम्पिकमध्ये 1920 पासून धावली जाते. महिलांची ही शर्यत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्यांदा झाली 2005 मध्ये आणि ऑलिम्पिकमध्ये 2008 मध्ये. म्हणजे ललिता वीस वर्षं आधी जन्मली असती तर तिच्या अंगातला गुण तोच असता, माणचा दुष्काळही तोच असता, पण तिच्यासाठी ही शर्यतच अस्तित्वात नसती. गुण कुठून आला यावर आपण फार बोलतो, दार कुणी उघडलं यावर फार कमी. माझा रोख नेमका इथं आहे.

दारं उघडी ठेवण्याची व्यवस्था कशी असू शकते याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचं आहे. हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेलत खेळायचा तो खेळ. अकरा जणांच्या आक्रमक फळीत एकाला क्वार्टरबॅक म्हणतात. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. शाळेत असतानाच विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याला हेरतात. शुल्क, राहणं, जेवण यांचा खर्च विद्यापीठ उचलतं आणि साधारण चार हंगाम तो विद्यापीठासाठी खेळतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. जवळजवळ अर्धा माण तालुका मावेल इतकी ती जागा आहे. या मुलांपैकी शंभरात एखाद-दुसराच व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचतो. तरीही या व्यवस्थेचं खरं मोल मला दिसतं ते दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर बसलेल्या क्वार्टरबॅकमध्ये. टॉम ब्रेडी याच मिशिगनमध्ये सुरुवातीची वर्षं राखीव खेळाडू म्हणून बसून होता. 2000 साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याच्या आधी 198 जणांची नावं पुकारली गेली. पुढे तो सात वेळा विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक ठरला. त्याच्यातला गुण उशिरा फुलला, पण फुलेपर्यंत त्याला प्रशिक्षक, सराव आणि दोन वेळचं जेवण मिळत राहिलं. माण तालुक्यातली विशीतली मुलगी उशिरा फुलणारी असेल तर तोवर ती मैदानावर असेलच, याची हमी आज कोण देतं?

या तुलनेवर एक आक्षेप हक्कानं घेता येईल. अमेरिकेतली ही व्यवस्था काही संतांनी चालवलेली नाही. विद्यापीठांनी दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर मिळवले आणि मैदानावर हाडं मोडून घेणाऱ्या मुलांना हौशी खेळाडू म्हणवून घेत अनेक दशकं मोबदला नाकारला. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांनी कित्येकांचं पुढचं आयुष्य बिघडलं. 2021 पासून या मुलांना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली, तीही न्यायालयीन लढायांनंतर. हे सगळं खरं आहे आणि त्या व्यवस्थेची नक्कल करा असं मी म्हणतच नाही. विद्यार्थ्यानं कष्ट केले तर त्या कष्टांतून त्याचं शिक्षण सन्मानानं कसं व्हावं, या प्रश्नाचं उत्तर सातारा जिल्ह्यानं फार पूर्वीच काढलेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, कमवा आणि शिका ही योजना राबवली आणि 1947 मध्ये साताऱ्यात त्याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. शेतात, बांधकामावर राबणाऱ्या मुलाचं राबणं त्यांनी शिक्षणाची किंमत म्हणून स्वीकारलं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटू दिला नाही. पहाटे आणि संध्याकाळी मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलीचं राबणं त्याच न्यायानं का धरू नये? माण तालुक्यातलं दहिवडी कॉलेज याच संस्थेचं आहे. वारसा घरचाच आहे.

आणि कॉलेजनं खेळाडू घडवल्याचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातल्या पैलवानाचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हा प्रसंग आपण दरवर्षी गहिवरून सांगतो. मला त्यात एक काळजीची गोष्ट दिसते. पदक एका प्राचार्याच्या मोठ्या मनावर अवलंबून होतं. खर्डेकर नसते तर? एका माणसाच्या त्यागानं झालं ते कौतुकाचंच, पण त्यानं संस्थेच्या अंदाजपत्रकात ओळ पडली नाही. पुढच्या पैलवानाला पुन्हा नव्या खर्डेकरांची वाट पाहावी लागली.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. जिथं उन्हाळ्यात टँकर येतो तिथं कृत्रिम ट्रॅक आणि पाण्याचा खड्डा मागणं शोभतं का? आधी पाणी द्या, मग खेळ. पाणी आधी, हे मलाही मान्यच आहे. पण माणमधल्या मुली आजही धावतातच, हे या आक्षेपात सुटून जातं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते, एकूण 50 गुण, त्यांतले 20 एकट्या 800 मीटरचे. दहिवडी, म्हसवड, आटपाडी इथल्या रस्त्यांच्या कडेला पहाटे ज्या मुली पळताना दिसतात त्यांच्यातल्या बहुतेक या चाचणीसाठी पळतात. कडक डांबरावर, साध्या बुटांत, घड्याळ लावून, चुकीची पावलं टाकत. नडगीची हाडं दुखावून घेऊन भरतीआधीच घरी बसणाऱ्या कितीजणी असतील. त्यांच्यासाठी एक मुरमाचा का होईना, मोजून आखलेला चारशे मीटरचा ट्रॅक आणि पावलं पाहणारा प्रशिक्षक ही चैन नव्हे. त्यांतल्या सगळ्या ललिता होणार नाहीत. बहुतेक जणी पोलीस होतील, काही शिक्षिका होतील, काही काहीच होणार नाहीत. पण एखादीची 800 मीटरची वेळ पाहून, पोरी, तू पंधराशे धावून बघ, असं सांगणारं कुणीतरी तिथं असेल. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं ग्रामीण मुलामुलींसाठी खेळाचं काम सुरू केलं आहे, ते याच कारणासाठी महत्त्वाचं आहे. मात्र एका स्वयंसेवी संस्थेनं तालुक्याचा सगळा भार वाहावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

ललिता एकटीच अपवाद म्हणून निघाली, तिच्यावरून नियम कसा काढता, असंही कुणी विचारेल. म्हणून माणदेशातलंच दुसरं नाव घेतो. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. लहानपणी झालेल्या अपघातात हात कायमचा अधू झाला. त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं, पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवलं आणि पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये सुरुवात केली ती भालाफेकीनं. खांदा दुखावला तेव्हा ते गोळाफेकीकडे वळले. 2023 आणि 2024 मध्ये लागोपाठ जागतिक सुवर्ण आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर फेकीसह रौप्य. इथंही कारकीर्द बहरली ती प्रकार बदलल्यावरच आणि तीही तिशी ओलांडल्यावर. पोट शिक्षणाच्या जिवावर भरत असल्यामुळे त्यांना थांबता आलं, शोधता आलं. एकीला रेल्वेचा पगार, दुसऱ्याला पदवी आणि शिकवण्याचं काम. दोघांच्या बाबतीत गुणाला वेळ मिळाला, हे समान.

खेळाडूची कारकीर्द तशीही तोकडी असते. ललिताचा रिओमधला राष्ट्रीय विक्रम 2023 मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीनं 9 मिनिटं 15.31 सेकंदांत मोडला आणि विक्रम मोडले जावेत यासाठीच असतात. ललिताला 2016 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे राज्य शासनानं महसूल खात्यात थेट अधिकारीपदी नियुक्ती दिली. गुणवंत खेळाडूंना थेट नियुक्ती आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण, ही महाराष्ट्राची दोन्ही धोरणं चांगली आहेत आणि ती टिकलीच पाहिजेत. फक्त ती पदक मिळाल्यानंतरची आहेत. सोळाव्या वर्षीच्या राष्ट्रीय सुवर्णापासून चोविसाव्या वर्षीच्या वळणापर्यंतची जी आठ वर्षं असतात, जेव्हा मुलीच्या लग्नाचा विषय घरात रोज निघतो, शेतात माणूस कमी असतं आणि कॉलेजच्या मैदानावर वर्षातून एकदा वार्षिक क्रीडा महोत्सव होतो, त्या वर्षांसाठी पुरेसं धोरण नाही. ते करायला फार मोठी योजनाही लागणार नाही. दहिवडी, म्हसवड, आटपाडी आणि जत या चार ठिकाणच्या प्रत्येकी एका महाविद्यालयात पूर्ण वेळ अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षकाचं एक पद, आखलेला ट्रॅक, एक पाण्याचा अडथळा आणि मैदानावरचे तास कमवा आणि शिका योजनेत धरून वीस मुलींना वसतिगृह व जेवण, एवढ्याचा प्रस्ताव शिवाजी विद्यापीठानं आणि जिल्हा नियोजन समित्यांनी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घ्यावा.